घटिकापात्र, जाला आणि यंत्रमानव : दौलताबाद-परिसरातील प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात

प्राथमिक शाळेत यंत्रमानवाचे शिक्षण द्यावे की न द्यावे, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे. शहरांतील अनेक शाळांत ते सुरू झाले असून खेड्यांतील शाळांकडेही त्याची वाटचाल चालू आहे. विचार करावयाचा तो ते कोणत्या रूपाने येते याचा. बहुधा ते एका पेटीच्या रूपाने येते. पेटीत लहानशी मोटर, चाके, प्रकाश वा अडथळा ओळखणारी उपकरणे आणि जोडणीची चित्रे असतात. चित्रांबरहुकूम भाग जोडले की गाडी चालू लागते, भिंत आली की वळते, आणि स्नेहसंमेलनात तिचे कौतुक होते. त्याच शाळेत एखाद्या शनिवारी जगातील संस्कृतींचा परिचय करून दिला जातो. त्या दिवशी मुले निरनिराळ्या देशांचे पोशाख घालून येतात, ध्वज रंगवितात आणि दोनचार परकीय शब्द पाठ म्हणतात. हे दोन्ही उपक्रम हौसेने केले जातात, परंतु त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणास वाटत नाही. आणि दोन्हींतून मुलाच्या मनावर नकळत एकच गोष्ट ठसते : यंत्र हे कोठे तरी दूर तयार होऊन येते, आणि संस्कृती ही दुसऱ्या कोणाची तरी असते.

ही समजूत चुकीची आहे हे मुलाला व्याख्यानाने पटत नाही. त्यासाठी हाताने काही घडवावे लागते आणि घडविलेल्या वस्तूची वंशावळ शोधावी लागते. दौलताबादचा परिसर ह्या कामास विलक्षण अनुकूल आहे. देवगिरीचा किल्ला, त्याच्या वाटेवरील कागदीपुरा (कागझीपुरा), छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की व हिमरूचे माग, आणि यादवकाळात ज्योतिषाच्या अध्ययनासाठी स्थापन झालेला पाटण येथील मठ, हे सारे एकाच नकाशावर मावते. प्रस्तुत लेखात ह्या साहित्यातून इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी कोणता पाठक्रम उभा राहू शकतो आणि त्यात कोणत्या अडचणी संभवतात, याचे विवेचन केले आहे.

यंत्रमानव या शब्दाविषयी

आरंभीच शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. 'रोबो' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या 1920 साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर गेला. तो शब्द त्याला सुचविला त्याच्या भावाने, जोसेफ चापेक याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे श्रम. मराठीत ज्याला वेठ म्हणतात नेमके तेच. मराठीने ह्या कल्पनेसाठी 'यंत्रमानव' हा शब्द घडविला. तो सुबोध आहे, परंतु त्यामुळे दोन घोटाळे होतात. एक तर मुलाला वाटते की त्याला हातपाय व डोके असलेच पाहिजे. दुसरे म्हणजे मूळ शब्दातील वेठीचा संदर्भ साफ पुसला जातो. ज्या मराठवाड्यात वेठबिगारीची आठवण आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून अद्याप ऐकू येते, तेथे हा संदर्भ गमावणे हे शिक्षकाच्या दृष्टीने मोठेच नुकसान होय. कोणाच्या वाट्याचे कष्ट यंत्राने उचलले आणि त्यानंतर त्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न यंत्रशिक्षणाच्या गाभ्याशी आहे.

आकाराचा विचार बाजूस ठेवला, तर यंत्रमानवात तीन गोष्टी पाहावयास मिळतात. त्याला चालविणारी शक्ती असते. काय करावयाचे याची आज्ञा त्याच्याजवळ आधीच साठवून ठेवलेली असते. आणि केलेल्या कामाचा परिणाम जाणून पुढील काम तो स्वतः बदलतो. पहिल्या गोष्टीला शक्ती, दुसरीला साठविलेली आज्ञा आणि तिसरीला आत्मनियमन असे येथे म्हटले आहे. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने 1948-49 च्या सुमारास जी दोन यांत्रिक कासवे बनविली, ती प्रकाशाच्या रोखाने आपली वाट स्वतः सुधारीत. पुढे अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्याचे सहकारी यांनी 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली आणि तिच्या आज्ञांवर चालणारे कासव वर्गाच्या फरशीवर सोडले. पेपर्ट जन्माने दक्षिण आफ्रिकेचा. जिनीव्हात त्याने पियाजे याच्यासमवेत काम केले होते. मूल ज्ञान ग्रहण करीत नाही, ते ज्ञान उभारते, हा पियाजेचा सिद्धान्त त्याने पुढे नेला व अशी उभारणी हाताने काही बनविताना सर्वांत चांगली होते असे प्रतिपादिले. त्याच्या 1980 सालच्या पुस्तकाचे नाव एका खेळणी-कंपनीने 1998 मध्ये आपल्या यंत्रमानव-संचाला दिले. तो संच 2022 च्या अखेरीस बंद झाला. पेटी बंद होऊ शकते, ही गोष्ट शाळांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शक्ती : पाणचक्की आणि न चालणारे चाक

पाणचक्की ही बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. हे सत्पुरुष बुखाऱ्याच्या प्रदेशातून दक्षिणेत आले. सतराव्या शतकाची अखेर व अठराव्या शतकाचा पूर्वार्ध ह्या कालखंडात येथील बांधकाम होत गेले. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून उंच भिंतीवर चढविले आहे, आणि तेथून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने पाती फिरून जाते फिरे. दर्ग्यातील फकिरांसाठी व वाटसरूंसाठी येथे पीठ दळले जाई. शहरासाठी नहर खोदविण्याची परंपरा त्याही आधीची. ती मलिक अंबरची. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दक्षिणेत आलेला हा मुत्सद्दी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला व 1610 मध्ये त्याने खडकी वसविली; तेच पुढे औरंगाबाद झाले. तेव्हा पाण्याच्या एका नळाचा मागोवा घेता घेता मूल हबसाणात आणि बुखाऱ्यात पोहोचते. ध्वज रंगवून ते तेथे पोहोचले नसते.

पाणी खालून वर कसे चढते, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर देण्यास भास्कराचार्यांचा उपयोग होतो. 1150 साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात यंत्राध्याय नावाचे प्रकरण आहे. त्यात वक्रनलिकेचे, म्हणजे वाकड्या नळीने भांड्यातील पाणी काठावरून बाहेर काढण्याचे, तत्त्व सांगितले आहे. कारागीर तिला कुक्कुटनाडी म्हणत. कमळाच्या देठाचे उदाहरण त्यांनी ह्या संदर्भात दिले आहे. दौलताबादच्या आसपास कमळे सर्वत्र मिळतील असे नाही, आणि पपईच्या पानाचा देठ पोकळ असला तरी वाकविताना मोडतो. तेव्हा हातभर रबरी नळी घेणे बरे. नळी पाण्याने भरावी, दोन्ही तोंडे बोटांनी दाबावीत, एक तोंड बादलीत व दुसरे बादलीच्या तळापेक्षा खाली धरून दोन्ही मोकळी करावीत. बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर नेले की धार थांबते, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. मग त्या धारेखाली पत्र्याची पाती लावलेले रिळाचे चाक ठेवले की लहानशी पाणचक्की तयार होते. पाणचक्कीच्या नळांत पाणी चढते ते त्याचा उगम अधिक उंचीवर आहे म्हणून. नळीचे तोंड वरखाली करताना मुलांना हीच गोष्ट हाताने कळते.

ह्याच यंत्राध्यायात एक 'स्वयंवह' चाक आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांत पारा अर्धवट भरला म्हणजे ते आपोआप फिरत राहील, असा तेथील अभिप्राय. हेच चाक पुढे अरबी ग्रंथांत आणि तेराव्या शतकातील फ्रेंच कारागीर व्हिलार द होनेकूर याच्या चित्रवहीत भिन्न रूपाने आढळते. ही कल्पना भारतातून पश्चिमेकडे गेली असावी, असे लिन व्हाइट या इतिहासकाराने 1962 मध्ये प्रतिपादिले. हे चाक मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. पारा विषारी असल्यामुळे तो शाळेत आणूच नये; पुठ्ठ्याच्या चाकाला तिरकस कप्पे करून त्यांत गोट्या घालाव्यात. चाक दोनतीन फेरे घेते आणि थांबते. सगळ्या गटांचे थांबते. का थांबले हे पाहण्यासाठी मुलांनी दोन्ही बाजूंच्या गोट्या मोजाव्यात. उतरत्या बाजूला गोट्या आसापासून दूर असतात खऱ्या, परंतु त्या संख्येने थोड्या असतात. चढत्या बाजूला त्या जवळ असतात, पण जास्त असतात. बागेतील सी-सॉवर बसलेल्या मुलाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. थोर ज्योतिर्विदाने लिहिलेले चाक चालत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाने स्वतः पाहणे शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ह्यात भास्कराचार्यांचा अवमान नाही. पाणी ओतत राहावे लागणाऱ्या परावलंबी यंत्रांना त्यांनीच ग्राम्य म्हटले आहे, आणि नऊ यंत्रे वर्णून दहावे व खरे यंत्र म्हणून बुद्धीला, 'धी'यंत्राला, मान दिला आहे.

साठविलेली आज्ञा : हिमरूचा माग

यंत्राला आज्ञा देऊन ठेवता येते, ही कल्पना संगणकाच्या पडद्यावर मुलाला गूढ वाटते. मागावर ती डोळ्यांना दिसते. हिमरूच्या जुन्या पद्धतीत सुती उभ्या धाग्यांवर रेशमाच्या आडव्या धाग्यांनी नक्षी काढीत. ही नक्षी आधी मागाच्या वर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यात, जाल्यात, गुंफून ठेवीत. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलावयाचे, ते जाल्याच्या गाठींत कायमचे नोंदविलेले असे. वर बसलेला मदतनीस क्रमाने दोऱ्या ओढी व खाली बसलेला विणकर धोटा फेकी. विणकराला नक्षी पाठ असण्याची गरज नव्हती. ती जाल्यात होती.

त्याच जिल्ह्यातील पैठणीशी तुलना केली म्हणजे भेद लख्ख होतो. पैठणीच्या काठापदरावरील मोर व वेल विणकर निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्या हाताने गुंफून काढतो. तेथे आज्ञा साठविणारे जाळे नाही. ती विणकराच्या नजरेत व बोटांत आहे. एकाच परिसरात ज्ञान साठविण्याच्या ह्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न फोल आहे. परंतु कोणती यंत्राच्या स्वाधीन करता येईल, हा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला तर बहुतेक मुले योग्य उत्तर देतील.

जाल्याचा पुढील इतिहास मोठा आहे व येथे तो धावत्या स्वरूपातच सांगता येईल. चीन व इराण या देशांतून अशा मागांची विद्या युरोपात गेली. फ्रान्समध्ये वोकांसाँ हा यांत्रिक बदकामुळे प्रसिद्धीस आलेला कारागीर 1745 च्या सुमारास आपोआप नक्षी विणणाऱ्या मागाच्या मागे लागला. लियाँच्या जाकार याने 1804 मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारा माग सिद्ध केला. बाबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी तेच पुठ्ठे योजिले, आणि विसाव्या शतकात संगणकांना आज्ञा देण्यासाठी छिद्रांकित पत्रे कित्येक दशके वापरात होती.

वर्गात हे करून दाखविणे कठीण नाही. लाकडी चौकटीवर आठ उभे धागे ताणावेत. चौकटीच्या कागदावर आठ घरांच्या ओळी आखून ज्या धाग्याला उचलावयाचे त्याच्या घरात छिद्र पाडावे. एका गटाने नक्षी योजून छिद्रे पाडावीत आणि पट्टी दुसऱ्या गटाला द्यावी. नक्षी मात्र सांगू नये. दुसऱ्या गटातील एकाने ओळ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने धागे उचलावेत, तिसऱ्याने सुतळी ओवावी. काश्मिरात गालिच्यांच्या मागावर 'तालीम' नावाची सांकेतिक नोंद अशीच वाचून दाखवीत. नक्षी बरोबर उमटली तर आनंद होतोच. एखादे छिद्र चुकले असेल तर अधिक शिक्षण होते. कापडावरील चुकीवरून पट्टीतील चूक शोधणे हे पुढे संगणकाच्या आज्ञावलीत करावयाच्या कामाचे तंतोतंत पूर्वरूप आहे. त्यानंतर शाळेच्या अंगणात खडूने चौकटी आखून एका मुलाला कासव करावे, आणि पुढे, उजवीकडे, डावीकडे अशा आज्ञांची पट्टी त्याच्या हाती द्यावी. कासवाने स्वतःचे डोके चालवू नये, एवढा एकच नियम. आज्ञा लिहिणाऱ्यांना आपण काय गृहीत धरले होते ते क्षणात कळते.

पट्टीसाठी लागणारा कागद कागदीपुऱ्यातील असेल तर उत्तम. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानच्या ह्या वस्तीत हातकागदाची परंपरा आहे, आणि ती 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलविली त्या काळापर्यंत नेऊन भिडविली जाते. चिंध्यांचा लगदा, गवताच्या काड्यांची चाळणी, भिंतीवर वाळविलेले ताव, घोटून आणलेली झिलई. ही कृती चीनमधून समरकंद व बगदाद करीत इकडे आली.

आत्मनियमन : दोन समकालीन ठिकाणे

तिसरा गुण दौलताबादच्या परिसरात सहजासहजी सापडत नाही. पाणचक्कीला आपण किती दळले हे कळत नाही, जाल्याला धागा तुटलेला कळत नाही. येथे परिसराबाहेर जावे लागते, आणि तसे जावे लागते हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र ज्या यंत्रापाशी जाऊन पोहोचावयाचे, त्याच्या पोटात एक ओळखीची वस्तू आहे. ती म्हणजे घटिकापात्र.

तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली म्हणजे छिद्रातून पाणी आत येत जाऊन ठराविक वेळाने ती बुडते. हा काळ म्हणजे एक घटिका, चोवीस मिनिटे. साठ घटिकांचा अहोरात्र. महाराष्ट्रात लग्नघटिका साधण्यासाठी हे पात्र अगदी अलीकडेपर्यंत वापरात होते. भास्कराचार्यांच्या यंत्रांतही त्याची गणना आहे. लीलावतीच्या लग्नाच्या वेळी तिच्या अलंकारातील मोती घटिकापात्राच्या छिद्रात अडकला व मुहूर्त टळला, अशी जी कथा सांगतात तिला ऐतिहासिक आधार नाही. ती फैजीने 1587 मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतराबरोबर पसरली. शिक्षकाने ती कथा म्हणून सांगण्यास हरकत नाही, कारण छिद्र व वेळ यांचा संबंध तीत बिनचूक आला आहे.

सरळ काठाचा पत्र्याचा डबा आणि नारळाची करवंटी, अशी दोन पात्रे मुलांनी करावीत. डब्याच्या तळाला दाभणाने छिद्र पाडावे. छिद्राचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते व डबा सुमारे एक-चतुर्थांश वेळात बुडतो. मुले तो निम्म्या वेळात बुडेल असा अंदाज हमखास करतात आणि चकित होतात. आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथे आहे. डबा तरंगत असताना बाहेरच्या व आतल्या पाण्याच्या पातळीतील अंतर त्याच्या वजनाने ठरते. पाणी आत येत गेले तरी ते अंतर जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून पाणी एकसारख्या वेगाने आत येते. गळत्या मडक्याच्या घड्याळाचे असे नसते; त्यातील पाणी जसजसे उतरते तसतशी धार मंदावते. करवंटी गोल असल्यामुळे तिच्यात हा समतोल डब्याइतका नीट साधत नाही, हेही आतील बाजूस खुणा करून पाहता येते.

आता घटिकापात्राची उणीव पाहावी. ते बुडाले की कोणाला तरी ते काढून, रिकामे करून पुन्हा सोडावे लागते. देवळात वा दरबारात त्यासाठी माणूस बसविलेला असे. ही त्या माणसाची वेठ यंत्राकडे कशी सोपवावी? ह्या प्रश्नाचे एक देखणे उत्तर अल-जझरी याने दिले. तो दियारबकर येथील दरबारातील कारागीर. त्याचा यंत्रांवरील अरबी ग्रंथ 1206 मध्ये पूर्ण झाला. त्यातील गजघटिकायंत्रात हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी असून तीत असेच सच्छिद्र पात्र सोडलेले आहे. पात्र बुडता बुडता एक दोरी ओढते. त्यामुळे वरच्या मनोऱ्यातून एक गोळा सुटतो. गोळा सर्पाच्या तोंडात पडतो. त्याच्या वजनाने सर्प खाली झुकतो आणि झुकताना बुडालेले पात्र वर ओढून रिकामे करतो. गोळा खाली पडतो, सर्प पूर्वपदावर जातो, आणि पात्र पुन्हा पाण्यावर येते. मनोऱ्यात गोळे आहेत तोपर्यंत हा क्रम कोणी हात न लावता चालतो. यंत्राच्या कृतीचा परिणामच यंत्राला पुढील कृतीस लावतो. आत्मनियमनाच्या दिशेने टाकलेले हे स्पष्ट पाऊल आहे. ह्या यंत्राच्या रूपात अभ्यासकांनी भारताचा हत्ती, चीनचे सर्प, ग्रीकांचे जलतंत्र, इजिप्तचा पक्षी आणि अरबी पोशाखातील माणसे ओळखली आहेत. जगातील संस्कृतींचा पाठ म्हणून ह्याहून नेटके चित्र सापडणे कठीण.

1206 ह्या सालाशी दौलताबादचा एक योगायोगाचा संबंध आहे. कन्नडच्या घाटापलीकडे, चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 चा एक शिलालेख आहे; भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि त्यास निकुंभ सामंतांनी दान दिले, असा त्याचा आशय. म्हणजे दियारबकरला घटिकापात्र हत्तीच्या पोटात बसविले जात होते, त्याच सुमारास देवगिरीच्या राज्यात घटिकापात्राचे वर्णन असलेला ग्रंथ शिकविण्याची शाळा उघडत होती. दोघांना एकमेकांची वार्ता होती असे दाखविणारा पुरावा नाही. वर्गाच्या भिंतीवरील नकाशात ही दोन गावे दोन खिळ्यांनी दाखवावीत व त्यांच्यामध्ये दोरा बांधू नये. दोरा कोठे बांधावयाचा आणि कोठे नाही, हे शिकणे हाच इतिहासाचा पाठ.

काही आक्षेप व अडचणी

अशा पाठक्रमावर पहिला आक्षेप येईल तो अभिमानाचा. आमच्या ग्रंथांत सर्व काही होते, ह्या वृत्तीला यातून खतपाणी मिळेल, अशी भीती रास्त आहे. त्यावर न चालणारे चाक हाच उतारा होय. तो पाठ वेळेअभावी गाळला जाण्याचा संभव सर्वांत अधिक आहे, म्हणून तो आधी घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. 1937 मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी मांडलेली नई तालीम, म्हणजे मूलोद्योग शिक्षणाची योजना, हातातील उद्योगाभोवती सर्व विषय गुंफणारीच होती. ती शाळांत रुजली नाही याची कारणे अनेक. परंतु चरखा गरिबांच्या मुलांसाठी आणि पुस्तक इतरांसाठी, अशी जी वाटणी समाजाने मनोमन केली, ती त्यांत मुख्य होय. आज नेमकी उलटी वाटणी होत आहे. यंत्रमानवाची पेटी फी भरणाऱ्या शाळेत, आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले जिल्हा परिषदेच्या शाळेत. शासनाने 2016 पासून सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी असल्याने प्राथमिक वर्ग त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. करवंटी, दाभण व पुठ्ठा यांवर उभारलेला पाठक्रम ही दरी बुजवील असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उलट, गरिबांच्या शाळेला करवंटीच पुरे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. यास्तव हा पाठक्रम पेटी घेऊ शकणाऱ्या शाळांतही पेटीच्या आधी झाला पाहिजे, आणि ज्या शाळेत तो झाला त्या शाळेला पुढे मोटर व संवेदक मिळालेच पाहिजेत.

तिसरी बाब श्रमाची. मागावर बसून जाल्याच्या दोऱ्या ओढणारा मदतनीस युरोपात बहुधा लहान मूल असे. जाकारच्या मागाने त्याची सुटका केली; पण 1831 मध्ये त्याच लियाँ शहरातील विणकर मजुरीच्या दरासाठी रस्त्यावर उतरले. यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हिमरूचे हातमागही टिकाव धरू शकले नाहीत. दौलताबादच्या वर्गात कारागिरांच्या घरांतील मुले असू शकतात. त्यांच्यापुढे यंत्राची केवळ स्तुती करणे अप्रामाणिक, आणि हातमागाचे केवळ गुणगान करणेही तितकेच अप्रामाणिक. आपल्या घरातील कोणते काम यंत्राने करावे व कोणते करू नये, असा प्रश्न देऊन मुलांना घरच्या मोठ्यांची उत्तरे लिहून आणावयास सांगावीत.

शिक्षकाच्या तयारीबाबत विशेष अडचण दिसत नाही. परिसर अभ्यास व कार्यानुभव यांच्या तासिका जोडून घेतल्यास बारा तासिकांत हे सर्व बसते. घटिकापात्राला मात्र लागोपाठ दोन तासिका द्याव्यात, कारण पात्र बुडेपर्यंत वाट पाहावी लागते. मूल्यमापन लेखी घेऊ नये. वर्गात एखादे चालते खेळणे, शक्य तर दूरनियंत्रकावर धावणारी मोटारगाडी, ठेवावी आणि प्रत्येक गटाने तीत शक्ती कोठे आहे, आज्ञा कोठे साठविली आहे, आणि आपले काम ती स्वतः तपासते काय, हे पाहून सांगावे. अशा गाडीत शक्ती सापडते. आज्ञा गाडीत नसून चालविणाऱ्याच्या बोटांत असते. आणि तिसरा गुण मुळीच नसतो. भिंतीवर आदळूनही ती चाके फिरवीतच राहते. मग मुलांनी शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ जावे. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो व नळ आपोआप बंद होतो.